समितीचं पाचवं लग्न

पहिलं मंगलाष्टक संपलं, 'सावधान'वर लोकांनी अक्षता उधळल्या, आणि त्या गलबल्यात नवरीनं मान जराशी वळवून परसरामबापूंना विचारलं, "काका, याचं नाव काय जी?"

बापूंना आधी वाटलं, ती भटजीबद्दल विचारते आहे. अंतरपाटाचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं मोहल्ला समितीचे सचिव चुन्नीलाल किराणावाले यांच्या. "कोनाचं बाई?" बापू पुटपुटले. पोरीनं डोळ्यांनीच समोर दाखवलं. समोर अंतरपाट होता आणि त्याच्यावरून नवऱ्या मुलाच्या फेट्याचा तुरा तेवढा दिसत होता. "याचं," ती म्हणाली. "तिलक," बापू म्हणाले. विचारलं की सांगायचं, एवढ्याच सवयीनं म्हणाले. तिनं मान हलवली, बसस्टँडवर कुणी गाडीची वेळ सांगितल्यावर हलवतात तशी, आणि ती पुन्हा हातातल्या हाराकडे पाहू लागली. भटजींनी दुसरं मंगलाष्टक धरलं. त्यांचा आवाज चांगला होता, लांब चढवून ते खाली आणत होते, आणि तो आवाज खाली येता येता केव्हातरी ते वाक्य बापूंच्या कानातून पोटात उतरलं.

हात एकदम जड झाले. समितीनं मुद्दाम विकत आणलेला हा अंतरपाट, पांढरा, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, याच्या आड आजवर चार लग्नं लागली होती आणि चारही वेळा हे टोक बापूंच्याच हातात होतं. चार वेळा तो कधी जाणवलाही नव्हता. आज वाटलं, ओला करून दिलाय कुणीतरी. बुडत्याला काडीचा आधार, तसं बापूंचं मन काड्या शोधू लागलं. पोरगी चेष्टा करत असेल. आजकालच्या पोरी कशाचीही चेष्टा करतात. किंवा लाडाचं दुसरंच नाव असेल, पप्पू, गुड्डू, कागदावरचं विचारून घेतलं असेल. किंवा उखाण्यासाठी. उखाण्यात नाव घ्यायचं असतं ना. पण उखाण्यात घ्यायचं नाव बायको काय समितीच्या अध्यक्षाला विचारते? बापूंनी तिच्याकडे तिरकं पाहिलं. तिचा चेहरा चेष्टेचा नव्हता. तो कसलाच नव्हता. एकोणीस वर्षांची सोनिका, पुरनलाल पटल्याची पोरगी, गोंदियाला कापडाच्या दुकानात कामाला जाणारी; काल दिवेलागणीला जिच्या हाताला धरून बापूंनी म्हटलं होतं, "घाबरू नोको बाई, तुले कोनी मारत नाही."

गंगाराम लेआउटची मागची भिंत आणि बंद पडलेल्या राइसमिलची भिंत यांच्या मधून ती वाट जायची. इकडे फुलचूर रस्त्यावरचा ऑटोचा थांबा आणि हे हनुमानाचं देऊळ, तिकडे लेआउट आणि त्याच्याही पलीकडे जुनी वस्ती. चार माणसं जोडीनं चालतील एवढीच रुंद, पायी जाणाऱ्यांचीच. ज्यांनी प्लॉट घेऊन घरं बांधली, त्यांना आधी ती दिसलीच नाही, नकाशावर नव्हती. राहायला आल्यावर दिसली. संध्याकाळ झाली की भिंतीच्या कडेला बाटल्या, पत्ते, गांजाचा वास, आणि बायका जाऊ लागल्या की शिट्ट्या. बापूंच्या घरात पाणी भरायला येणाऱ्या बाईचा पदर एका दिवशी ओढला गेला, तेव्हा कुंदाबाई, म्हणजे बापूंची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अर्जुनीत असतं तं अजून कोनाचा हात जाग्यावर नसता राह्यला. इथं समदे शिकलेले, म्हनून समदे घरात." ते बापूंना लागलं. बापू कोहळी समाजाचे, अर्जुनी मोरगावकडचे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी तलाव बांधले, त्या घरातल्या माणसाला शंभर पावलांची वाट सांभाळता येऊ नये? पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म रात्रीबेरात्री टॉर्च घेऊन कालव्यावर फिरण्यात गेला होता. त्यांनी समिती काढली, ठाण्यात अर्ज दिला, हवालदार गोवर्धन रोज संध्याकाळी एक चक्कर टाकू लागला. बाया सुखानं जाऊ लागल्या. पेपरात फोटो आला. त्या दिवशी कुंदाबाईनं न मागता दुसऱ्यांदा चहा दिला होता, हे बापू विसरले नव्हते.

पण दारुडे उलटून बोलत. "तुमच्या बापाची वाट हाये का?" म्हणत. एकानं तर चुन्नीलालची कॉलर धरली. त्यांच्यापाठी कुणी ना कुणी नगरसेवकाचा माणूस निघे आणि गोवर्धन हवालदार म्हणे, "जाने दो बापू, रोज का है." वाटेवर कधीमधी पोरंपोरीही सापडत. ती उलटून बोलत नसत. ती मान खाली घालत, पाया पडत, रडत. समितीला हळूहळू मान खाली घालणाऱ्यांची गोडी लागली. मग आसपासच्या गावांतून बातम्या येऊ लागल्या, की तंटामुक्त समित्या प्रेमी जोडप्यांची लग्नं लावून देतात, सत्कार होतात, आईबापांचा खर्च वाचतो. चुन्नीलाल म्हणाला, "मारून का फायदा? लगन लावून देऊ. पुन्याचं काम." बापूंना ते पटलं. माणूस दयाळू, मारहाण त्यांना कधी बघवली नाही. कागद तपासायचे, दोघांची वयं पाहायची, आईबापांना बोलवायचं, आणि दुसऱ्या दिवशी हनुमानापुढे हार. लग्न लावायला ब्रह्मचारी देव कशाला, म्हणून भटजी पहिल्यांदा कुरकुरले, पुढे सवयीचे झाले. चार लग्नं लागली. एक जोडपं तर दिवाळीला मिठाई घेऊन बापूंच्या पाया पडायलाही आलं होतं.

तिसरं मंगलाष्टक सुरू झालं. अक्षतेचा एक दाणा बापूंच्या चष्म्यावर अडकला होता. तो काढायला हात मोकळा नव्हता.

काल काय झालं होतं? बापू ते पुन्हा पाहू लागले, आणि पाहताना पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की आपण ते काल पाहिलंच नव्हतं. काल फक्त टॉर्च मारला होता. थंडीचे दिवस, लवकर अंधारतं. बापू, चुन्नीलाल, गोवर्धन लेआउटच्या टोकाकडून वाटेला लागले आणि मधल्या वळणावर टॉर्चच्या झोतात दोघं दिसली. पोरीची एक चप्पल पायात, एक नाही. ओढणी पोराच्या हातात. चुन्नीलाल हर्षानं ओरडला, "सापडले!" कालव्यावरचा कायदा साधा असायचा: फुटलेल्या पाटाजवळ जो उभा दिसेल, पाय चिखलात, फावडं हातात, तो चोर. त्यात विचारायचं काय? बापूंनी जन्मभर तेच केलं. हातच्या काकणाला आरसा कशाला. वाटेवर दोघं एकत्र दिसली, म्हणजे जोडपं. ओढणी त्याच्या हातात, म्हणजे प्रेम. काल हे इतकं उघड होतं की त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही, आणि आता त्याच ओढणीकडे, त्याच चपलेकडे पाहताना बापूंना ते प्रेम वाटेना.

कारण टॉर्च पडल्यावर पोरगी पळाली होती. गोवर्धन ओरडला होता, "भागती कहाँ है?" आणि बापूंनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं होतं. पुढे होऊन. दोन पावलंच. तिला धरायला त्यांना पळावं लागलंच नव्हतं. ती त्यांच्याकडेच येत होती. ती उजेडाकडे पळत आली होती, टॉर्चवाल्या म्हाताऱ्याकडे, ज्याचा फोटो पेपरात आला होता, ज्यानं ही वाट बायांसाठी मोकळी केली होती त्याच्याकडे. पळून जाणारं माणूस उजेडाकडे कशाला येईल? तिनं तोंड उघडलंही होतं. "हा माणूस मले..." एवढं ती म्हणाली होती, दम लागला होता तिला. आणि तेवढ्यात मागून तो पोरगा, किती शांतपणे, म्हणाला होता, "काका, आमचं जमलं आहे. शादीच करनार होतो आम्ही." लेआउटमधल्या सगळ्यांना माहीत होतं, समिती काय करते. त्यालाही माहीत असणारच. ठाण्यात जायचं की बोहल्यावर, एवढंच त्याला ठरवायचं होतं आणि तो चटकन ठरवून मोकळा झाला. चुन्नीलालनं त्याच्या पाठीवर थाप मारली होती. आणि बापूंनी, तिचं मनगट हातात असताना, बापाच्या मायेनं म्हटलं होतं, "घाबरू नोको बाई, तुले कोनी मारत नाही. तुमचं लगन लावून देऊ." तेव्हा ती एकदम गप्प झाली. बापूंना वाटलं होतं, पोरीला हायसं वाटलं.

अंतरपाटाची कड हलली, चुन्नीलालनं पलीकडून भुवया उडवून विचारलं, काय झालं. बापूंनी मान हलवली. काही नाही. काही नाही, अशाच अर्थानं त्यांनी सकाळी कुंदाबाईलाही उडवून लावलं होतं. पोरीला रात्री घरी पाठवलं तर बाप मारील, म्हणून बापूंनी तिला आपल्याच घरी, कुंदाबाईजवळ ठेवलं होतं. पुरनलाल आला, आला तसा तिच्या थोबाडीत मारली, मग भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "जात तं एकच आहे ना जी? मंग लावून टाका." पाच मिनिटांत बाप मोकळा झाला. सकाळी चूल पेटवताना कुंदाबाई म्हणाली, "पोरगी रातभर झोपली नाही. उठून उठून दाराची कडी लागली का ते पाहत होती. कायले घाई करून राहिले तुमी? तिले एकदा इचारा तरी." बापू दाढी करत होते. "अवो, लाजते ते. आन् कडी कायले पाह्यते, पळून जाचा इचार असन." कुंदाबाईनं चहा खाली जमिनीवर ठेवला, हातात दिला नाही. आत्ता ती बायांच्या घोळक्यात सगळ्यांत मागं उभी होती. तिच्या मुठीत अक्षता होत्या. मूठ मिटलेली होती आणि 'सावधान' आलं तरी ती उघडत नव्हती.

कडी आतून लागली आहे का, ते पाहत होती ती. बाहेर जायला नाही.

हे कळलं, आणि बापूंना आपलं घर आठवलं, ओसरीतला पिवळा दिवा, आपण आतल्या खोलीत घोरत पडलेलो, आणि बाहेरच्या खोलीत ही पोर अंधारात उठते, कडीला हात लावते, परत येऊन बसते. तिला कोणाची भीती वाटत होती? त्या तिलकाची. पण तिलक तर त्या रात्री आपल्या घरी झोपला होता. त्याला समितीनं चहा पाजून, "उद्या सकारी आंघोळ करून ये" म्हणून सोडलं होतं. सोडलं त्याला आणि ठेवून घेतलं हिला. देवळातला उदबत्तीचा वास, झेंडूचा वास, शेजारी कुणाच्या तरी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा, सगळं एकदम नाकात शिरलं. आता बोलावं. आत्ताच बोलावं. पण जमलेले दीडशे लोक, बुंदी तळून झालेली, पेपरवाला खुर्चीवर चढून कॅमेरा लावून बसलेला, पुरनलाल एका रात्रीत वाकलेला आणि हात जोडून उभा. लग्न मोडलं तर या पोरीला उद्या कोण करील? आणि नाही मोडलं तर? नाही मोडलं तर आज संध्याकाळी दाराला कडी लावणाराच तो असेल. बापूंना पुढचा विचार करवेना. त्यांना स्वतःची मुलगी नव्हती, आणि याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची त्याच क्षणी लाज वाटली.

भटजींनी शेवटचं कडवं चढवलं. बँडवाले तयारीत उभे राहिले. "शुभमंगल सावधान!" ताशा कडाडला, अक्षता पडल्या, चुन्नीलालनं आपलं टोक सोडलं. कापड एका बाजूनं खाली आलं आणि मधेच लोंबत राहिलं, कारण बापूंनी दुसरं टोक सोडलं नव्हतं. त्यांनी ते वर धरलं होतं, आणि आता दुसऱ्या हातानं खाली पडलेली कडही गोळा करून वर ओढली. फेट्याचा तुरा पुन्हा कापडाआड गेला. लोक हसले. "बापूले लगनाची हौस भारी!" कुणी म्हणालं. चुन्नीलाल जवळ येऊन दात न उघडता म्हणाला, "सोडा ना बापू, फोटो काढून राहिला तो."

"पोरीले इचारलं का कोनी?" बापू म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यांनाच ओळखू येईना.

"का इचाराचं?"

"तिनं मले आत्ता याचं नाव इचारलं, चुन्नीलाल. नवऱ्याचं नाव."

ताशा थांबला. मागच्यांना कळलं नाही, पुढच्यांना कळलं. ते कळणं मागं सरकत गेलं. बापूंनी पोरीकडे वळून पाहिलं. "बाई, तू याले वळखते का?" हे काल विचारायला चार शब्द लागले असते. सोनिकानं आधी बापाकडे पाहिलं, मग हवालदाराकडे, मग बापूंकडे. "नाही," ती म्हणाली. "दिवाळीपासून माह्या मागं मागं येते हा. काल त्यानं धरलं मले." रडली नाही. सांगून झाल्यावर तिनं हार गळ्यात घालायला नव्हे तर नुसता धरायला दिला असावा तसा शेजारच्या ओट्यावर ठेवून दिला.

मग व्हायचा तो गोंधळ झाला. तिलकचा मामा ओरडू लागला, पोरगी झूठ बोलते. फेटा काढून तिलकनं काखेत घेतला आणि मोटारसायकली लावल्या होत्या तिकडे तो सरकू लागला. कुंदाबाईनं त्याची वाट अडवली, आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोघी बायांनी. पुरनलाल हात उगारून पोरीवर धावला. मधे बापू होते, कापड अजून हातात होतं, तो त्यांच्या छातीवर आदळला आणि तिथंच रडू लागला. "आता हिले कोन करन जी, बापू? तुमीच सांगा. तुमीच म्हटलं होतं ना, जमलं आहे म्हनून?" गोवर्धननं त्यांना दंडाला धरून खांबामागे नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बापू, सोच लो. केस हुई तो पोरगी रातभर कुठं होती, कोनी ठेवली, लगन कोनी ठरवलं, सब आएगा. पहिलं नाव तुमचं. दुसरं माझं." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "येऊ दे," बापू म्हणाले. हे म्हणताना ते शूर वगैरे झाले नव्हते. त्यांना फक्त त्या पोरीजवळ जायचं होतं आणि हा माणूस मधे उभा होता.

ते तिच्याजवळ गेले. अंगावरची हळद, कुंदाबाईचं जरीचं लुगडं, कपाळावरून सुटलेली मुंडावळी. "चल बाई," ते म्हणाले, आणि काल धरलं होतं तेच मनगट धरायला त्यांचा हात आपोआप पुढे झाला. "चल, मी येतो तुह्यासंगं ठान्यात. मी सांगतो समदं."

ती दोन पावलं मागं सरली.

"तुमच्यासंगं नाही येत मी," सोनिका म्हणाली. "मी मायजवळ जातो."

तिच्या आईला कुणी बोलावलंच नव्हतं. पुरनलालनं तिला घरातच थांबायला सांगितलं होतं. पोरीनं लुगड्याचा काठ वर खोचला आणि ती देवळाच्या पायऱ्या उतरली. गर्दीनं तिला वाट दिली. जो तो बाजूला होताना पाय मागं घेत होता. ती राइसमिलच्या भिंतीकडे वळली, जुन्या वस्तीतल्या तिच्या घराकडे जायला दुसरा रस्ता नव्हता. भर दुपार होती, तरी वाट रिकामी होती. सगळे लग्नाला आले होते.

एकटीच गेली पोर. त्या मामाची दोन पोरं मोटारसायकलजवळ उभी राहून तिकडेच पाहत होती. बापूंच्या मनात आलं, घरापर्यंत पोचली की नाही एवढं तरी पाहावं. बोलायचं नाही, जवळ जायचं नाही, फक्त लांबून नजर ठेवायची. ते चपला न घालताच उतरले आणि वाटेला लागले. भुश्शाची जुनी राख पायाला लागत होती. ती पुढे चालली होती, हिरव्या लुगड्यात, मधल्या वळणाच्या अलीकडे. बापू चालत राहिले. अंतर राखून, तिला त्रास होऊ नये म्हणून अगदी हळू पाऊल टाकत. आणि ते हळू पाऊलच तिला ऐकू आलं असावं.

तिनं चालता चालता मागं पाहिलं. बापू जागच्या जागी थांबले. हात वर करून सांगावंसं वाटलं, मीच आहे बाई, मी. त्यांनी हात वर केलाही. तिनं लुगडं दोन्ही मुठींत धरलं आणि ती धावत सुटली. बापू थांबलेलेच होते, ती धावत होती.